रोव्हरला रेंज मिळेना: वाचकांचे प्रश्न

मोजणीच्या मशीनबद्दल मला जे प्रश्न येतात, त्यांत उपग्रहांबद्दल क्वचितच कोणी विचारतं. सगळ्यांचं घोडं सिमपाशी अडतं. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रोव्हर म्हणजे पोलवर बसवून बिंदू-बिंदू फिरवायचा उपग्रह रिसिव्हर. तो एकट्याने उपग्रह ऐकतो तेव्हा त्याची जागा दोन-चार मीटरने चुकू शकते. ती दोन-तीन सेंटिमीटरवर आणायची तर पक्की जागा ठाऊक असलेल्या एखाद्या स्टेशनकडून दर सेकंदाला सुधारणा यावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशनं हे काम करतात, आणि ती सुधारणा रोव्हरपर्यंत मोबाइल इंटरनेटवरून एनट्रिप पद्धतीने येते. इंटरनेट तुटलं की सुधारणा तुटली.

प्रश्न: जुना रोव्हर सेकंडहँड घेतला. जिओचं सिम टाकलं तर सिम दिसतं, पण नेट चालत नाही. विक्रेता म्हणतो, रिसिव्हरच बदला. (सर्व्हेअर, बारामती)

बदलू नका, आधी मॅन्युअल उघडा. मोडेमच्या पानावर फक्त टूजी-थ्रीजी लिहिलेलं असेल तर जिओ चालणारच नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. एअरटेलनेही २०२० च्या सुमारास थ्रीजी बंद केलं. त्यामुळे असा मोडेम एअरटेलवर थेट टूजीवर उतरतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, या कामाला टूजीचा वेगही पुरतो.

मोडेम फोरजी असूनही चालत नसेल तर बँड बघा. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही मशीनमध्ये आपल्याकडचे ५ आणि ४० हे बँड नसतात. बँडही ठीक असतील तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटचं सेटिंगमध्ये लिहायचं नाव, भरायचं राहिलं असेल. जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. फोन हे आपोआप भरतो, रोव्हरमध्ये बहुतेक वेळा हाताने भरावं लागतं. एवढं करूनही अडलं तर आतलं सिम विसरा आणि कंट्रोलर (रोव्हर चालवायचं हातातलं यंत्र) फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. रिसिव्हर बदलायचा सल्ला विक्रेत्याकडून नको, अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

प्रश्न: दिवसाला किती डेटा लागतो? एक जण ‘खास सर्व्हे सिम’ वर्षाच्या पॅकसह देतोय, घ्यावं का? (सोलापूर)

आठ तासांना पन्नास-साठ एमबीच्या आत, म्हणजे सर्वांत स्वस्त डेटा पॅकही उरतो.

‘सर्व्हे सिम’ नावाची कुठलीही वस्तू नाही. नंबर तेरा आकडी असेल तर ते यंत्रांसाठीचं एमटूएम सिम आहे. ते ठरावीक पत्त्यांपुरतंच उघडं असू शकतं आणि तुमचा कॉर्सचा सर्व्हर त्या पत्त्यांत नसला तर ते पेटीत ठेवायच्या लायकीचं. सिम कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. दुसऱ्याच्या नावावरचं सिम तुमच्या मशीनमध्ये नको.

प्रश्न: फाइव्हजी सिमने अचूकता वाढते का?

नाही.

प्रश्न: कंट्रोलरवर ब्राउझर उघडतो, यूट्यूबसुद्धा चालतं, पण एनट्रिप कनेक्ट होत नाही. (साइट इंजिनिअर, नागपूर)

म्हणजे सिम निर्दोष आहे, ते बदलत बसू नका. एनट्रिपच्या सेटिंगमधला पोर्ट नंबर तपासा. नेहमीचा २१०१ असतो, पण तुमच्या सेवेने जो दिलाय तोच घाला. आयडी-पासवर्डमध्ये कॅपिटल-स्मॉलचा घोळ असतो. कंपनीच्या वायफायवर असाल तर तिथली फायरवॉल हा पोर्ट अडवत असेल. मोबाइल डेटावर चढवून बघा, जोडलं गेलं तर गुन्हेगार सापडला.

आणि एक खरं सांगा, तोच आयडी दुसऱ्या साइटवरचा मित्र वापरतोय का? एक चढला की दुसरा उतरतो, आणि दोघंही नेटवर्कला शिव्या देतात.

कनेक्ट होतं पण फिक्स (सेंटिमीटरची पक्की जागा) येत नाही, असं असेल तर माउंटपॉइंट, म्हणजे सर्व्हरवर निवडायचा सुधारणेचा प्रवाह, बघा. काही माउंटपॉइंटना रोव्हरने आधी स्वतःची अंदाजे जागा कळवावी लागते. जीजीए पाठवण्याची ती खूण मेनूत बंद असली तर सर्व्हर गप्प बसतो.

प्रश्न: वेल्ह्याच्या आतल्या गावात काम आहे. वर खिंडीत रेंज येते, खाली शेतात शून्य. फ्लोटमध्ये (फिक्स न झालेल्या, अंदाजे जागेवर) पाच-सहा वेळा वाचन घेऊन सरासरी काढली तर चालेल का? सगळे तसंच करतात. (सर्व्हेअर, पुणे जिल्हा)

‘सगळे तसंच करतात’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर देताना हात थरथरतो. चालणार नाही. फ्लोटची चूक प्रत्येक वाचनाला वेगवेगळ्या दिशेला उडत नाही. ती बराच वेळ एकाच बाजूला सरकलेली राहते. पाच मिनिटांत सहा वाचनं घेतली तर सहाही एकाच बाजूला चुकलेली असतात आणि सरासरीचा आकडा तेवढा देखणा दिसतो.

माझंही पोळलेलं आहे. भोरकडच्या एका कालव्याच्या कामावर सकाळभर फिक्स होतं. दुपारी पोल हातात असलेल्या पोराचा फोन आमच्या हॉटस्पॉटचाच होता आणि नेटवर्क टूजीवर उतरलेलं. टूजीवर फोन आला की डेटा थांबतो. त्याला घरून फोन आला, तो बोलत-बोलत पुढच्या बिंदूवर गेला, बबल जुळवला, बटण दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात सुधारणेचं वय, म्हणजे शेवटची सुधारणा येऊन झालेला वेळ, चाळीस सेकंदांवर गेलं होतं. तो कोपरा कोणीच बघितला नाही. असे चौदा बिंदू निघाले. संध्याकाळी फिक्समध्ये पुन्हा पहिला बिंदू घेतला तर दीड फुटाचा फरक. दुसरा अख्खा दिवस गेला, आणि पोराला बोलणी खावी लागली, खरं तर ती मी खायला हवी होती.

म्हणून आता ते वय मी घड्याळासारखं बघतो. एक-दोन सेकंद, ठीक. दहाच्या पुढे गेलं की पोल खाली.

आता तुमचं काम. तीन वाटा आहेत.

पहिली म्हणजे रोव्हरमध्ये उपग्रहांच्या कच्च्या नोंदीचं लॉगिंग सकाळीच चालू करा, एक सेकंदाच्या अंतराने. फील्डवर फिक्स नाही दिसलं तरी घरी येऊन त्याच वेळेची जवळच्या कॉर्स स्टेशनची रायनेक्स फाइल (तिथल्या कच्च्या नोंदी) घेऊन हिशेब लावता येतो. याला पीपीके म्हणतात. लॉगिंग चालू करायचं विसरलात तर मात्र ही वाट बंद, मागाहून काही करता येत नाही. आणि खाली झाडोरा दाट असेल तर पीपीकेही हात टेकतं.

दुसरी वाट स्वतःचा बेस, म्हणजे एका जागी ठेवून सुधारणा देणारा दुसरा रिसिव्हर, आणि ती पोचवायला रेडिओ. बेस पक्क्या बिंदूवर हवा. ‘इथेच’ बटण दाबून घेतलेल्या जागेवर बसवलात तर सगळं काम दोन-चार मीटरने सरकलेलं येईल. वर मशीन फिक्स दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. रेडिओची वारंवारता परवान्यात बसते की नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ‘सगळीकडे चालतं साहेब’ हे लेखी नव्हे.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, कारण ती जुनी आहे. खिंडीत रेंज आहे ना? तिथे फिक्समध्ये तीन बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू तासाभराने पुन्हा घेऊन ताडून बघा, आणि खाली टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) उतरवा. फक्त दोन बिंदू एकमेकांपासून पन्नास मीटरवर ठोकू नका. पन्नास मीटरमागे दोन सेंटिमीटर चूक म्हणजे पाचशे मीटरवर वीस सेंटिमीटर. जागा देईल तेवढं अंतर वाढवा, तिसरा बिंदू तपासणीला ठेवा.

यांपैकी कोणती वाट, हे जागा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. त्या खोऱ्यात काम केलेल्या एखाद्या जुन्या सर्व्हेअरला सोबत न्या.

प्रश्न: खाजगी सर्व्हेअरने रोव्हरने आमची शेती मोजली. शेजारी म्हणतो बांध चार फूट तुमच्याकडे सरकवा. दगड रोवू का? (शेतकरी, सातारा जिल्हा)

रोवू नका. खाजगी मोजणी तुमच्या माहितीपुरती. हद्दीचा वाद असेल तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ई-मोजणीतून होतो. तोवर त्या सर्व्हेअरकडून प्रत्येक बिंदूपुढे फिक्स की फ्लोट लिहिलेला रिपोर्ट मागून ठेवा. द्यायला कुरकुरला तर काय समजायचं ते समजा. शेजाऱ्याशी भांडण वाढलं असेल तर वकिलालाही विचारा, मी तो नाही.

प्रश्न: ऑनलाइन मिळणारा मोबाइल बूस्टर गाडीवर लावला तर?

बेकायदा. परवानगीशिवाय विकणं, बाळगणं, वापरणं तिन्ही. ऑनलाइन मिळतो म्हणजे कायदेशीर झाला, असं नाही. त्यापेक्षा दोन कंपन्यांची सिमं असलेला फोन जवळ ठेवा.

प्रश्न: आमच्या बेसमध्ये सिम टाकलं आणि त्याचा आयपी रोव्हरमध्ये भरला, जोडतच नाही. (नाशिक)

जोडणारही नाही. साध्या मोबाइल सिमला बाहेरून दिसणारा स्वतःचा आयपी सहसा मिळत नाही, कंपनी एका आयपीमागे शेकडो ग्राहक बसवते. बेसने सुधारणा एनट्रिप कास्टर नावाच्या मधल्या सर्व्हरकडे ढकलायची आणि रोव्हरने तिथून उचलायची, हा मार्ग. बऱ्याच रिसिव्हर कंपन्या कास्टर सोबत देतात. मात्र त्यांच्या क्लाउडवर तुमचे मोजलेले बिंदूही जात असतील तर सर्व्हर कुठे आहे ते विचारा. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेची भूस्थानिक माहिती भारतातच साठवावी लागते. सरकारी काम असेल तर खात्याला आधी विचारा.

प्रश्न: नव्या फोनचा हॉटस्पॉट कंट्रोलरला दिसतच नाही.

हॉटस्पॉट बहुधा ५ गीगाहर्ट्झवर आहे. २.४ करा.

प्रश्न: उद्या सकाळी आठला मोजणी आहे. आज संध्याकाळी नवीन सिम घेतलंय, चालेल ना?

हा प्रश्न मला रात्री साडेनऊला आला, म्हणून इथे छापतोय. सिम सुरू व्हायलाच वेळ लागू शकतो. उद्याचा दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर काढा. रिचार्ज, एपीएन, आयडी, माउंटपॉइंट सगळं आजच भरा, सिमला पिन लावलेला असेल तर काढून टाका, आणि रोव्हर गच्चीवर नेऊन फिक्स येतं का बघा. गच्ची नसेल तर रस्त्यावर उभे राहा. लोक बघतील, बघू देत.