दोन्ही बाजूंनी तांबूस पडलेलं क्वार्टर: टांकसाळीची चूक की ॲसिडचं काम?

तुम्ही लिहिलंय की जुन्या बाजारातून घेतलेलं १९९८ चं अमेरिकी क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) दोन्हीकडून डागाडागाने तांबूस आहे, हाताला पातळ लागतं आणि सराफाच्या काट्यावर ४.३१ ग्रॅम भरलं. विकणाऱ्याने ‘टांकसाळीतच वरचा थर बसायचा राहिला’ म्हणून जास्त पैसे लावले. हे नाणं ॲसिडात बुडवलेलं आहे, आणि ते वजनावरूनच कळतं.

१९६५ पासूनचं चलनातलं क्वार्टर तीन पदरी असतं. मधे शुद्ध तांबं आणि वर-खाली ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल असा पांढरा थर. वजन ५.६७ ग्रॅम. पांढरा प्रत्येक थर जाडीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. छाप पडण्याआधी एक थर सुटला तर नाणं ४.७ ग्रॅमच्या आसपास भरतं, दोन्ही सुटले तर ३.८. तुमचं ४.३१ यातल्या कशातच बसत नाही. ॲसिडात मात्र घट कितीही येऊ शकते. ॲसिड किती तीव्र होतं आणि नाणं किती वेळ आत राहिलं, त्यावर ते ठरतं.

आता व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजा. थर नसलेल्या चकतीवरही छाप पडताना ती साच्याभोवतीच्या कड्यात दाबली जाते, म्हणून व्यास पूर्ण २४.२६ मिमी भरतो आणि कडेचे दाते ठसठशीत उठतात. ॲसिड सगळीकडून खातं. तुमच्या नाण्याचा १.३६ ग्रॅम धातू गेलाय. तो सगळीकडून सारखा गेला असेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून ०.१५ मिमीच्या आसपास झीज होते. म्हणजे व्यास २४ मिमीच्या थोडा आतच भरायला हवा.

मग दहापट भिंगाखाली धरा. वापरून झिजलेल्या नाण्यावर उंचवटे गुळगुळीत आणि चकचकीत होतात, खोलगट भाग तसाच राहतो. ॲसिडाने असा भेद राहत नाही. नाण्यावरच्या वॉशिंग्टनच्या गालावर आणि मोकळ्या जागेत सारखाच बारीक रवाळ, निस्तेज पोत दिसतो, अक्षरांच्या रेघा बारीक होतात, काठाची उभार पट्टी सपाट होते. काठावर ॲसिड वरूनही लागतं आणि बाजूनेही, म्हणून पांढरा थर तिथे लवकर जातो आणि तांबं आधी काठाला उघडं पडतं. कडेवर बघायला विसरू नका: दाते पुसट झालेले असतात, आणि बऱ्याचदा मधला तांब्याचा पट्टा दोन पांढऱ्या थरांच्या आत खचलेला असतो. टांकसाळीच्या चुकीत अशी खाच पडत नाही.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. बरीच वर्षं ओल्या मातीत पडलेलं क्वार्टरही तपकिरी-तांबूस होतं, पण त्याचं वजन फारसं घटत नाही. ५.४५ च्या वर भरलं तर आधी मातीचाच संशय घ्या.

किमतीचं म्हणाल तर हे २५ सेंटचं खराब नाणं आहे, संग्राहक त्याला जास्त देणार नाही. पावती किंवा ओळख असेल तर पैसे परत मागा. घरी ॲसिड आणून ‘ताडून’ बघू नका. नायट्रिक ॲसिड तांब्यावर पडलं की तपकिरी, विषारी वायू सुटतो.

नाणं ठेवायचंच असेल तर भेगांत ॲसिड उरलेलं असू शकतं. एक पेला पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून तासभर बुडवा, मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, मऊ कापडाने टिपा आणि पूर्ण वाळल्यावरच पाकिटात घाला. बाकीच्या नाण्यांबरोबर एका डबीत टाकू नका.