ट्यूडर कायदे वाचायचेत? अपीलबंदीपासून सुरुवात करा

ट्यूडर या इंग्लंडच्या राजघराण्याचे चर्चविषयक कायदे वाचताना बहुतेक जण 1534च्या सुप्रीमसी (चर्चवर राजाचं सर्वोच्चपद) कायद्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. त्या कायद्याने राजा आठव्या हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख बनवलं नाही, तो तसा आहेच असं धरून शिक्कामोर्तब केलं. खरी कळ आधीच, 1533च्या अपीलबंदी कायद्यात, म्हणजे रोमच्या पोपकडे अपील नेण्यावरच्या बंदीत, फिरली होती. त्याची प्रस्तावना दोनदा वाचा. इंग्लंड हे साम्राज्य आहे, म्हणजे राजाच्या वर बाहेरचं कुणीच नाही, असा तो दावा. त्यामुळे विवाह, मृत्युपत्र, दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) यांचे खटले रोमला नेता येईनात. त्याच वर्षी मे महिन्यात कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर याने इंग्लंडमधल्या डन्स्टेबल गावी हेन्री आणि त्याची पहिली राणी कॅथरीन यांचा विवाह रद्दबातल ठरवला आणि तो निकाल इंग्लंडपुरता अंतिम ठरला, तो याच जोरावर.

पैशाचा माग स्वतंत्र काढा. बिशपांचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न रोमला जायचं. 1532मध्ये ते अडवण्याची सशर्त तरतूद झाली, 1534मध्ये ते राजाकडे वळलं, वर पाद्र्यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्साही दरसाल राजाला द्यावा लागला. पाद्र्यांचा भार उलट वाढलाच!

हेन्रीची मुलगी राणी एलिझाबेथ हिचा 1559चा सुप्रीमसी कायदा वेगळा धरा. मधल्या काळात तिची सावत्र बहीण राणी मेरी हिने वडिलांचे हे कायदे रद्द केले होते.

आणि तारखा तपासा: तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदांवर आदलं साल दिसतं.