शुक्रवारचे वीस शब्द

या महिन्यातील बरीच पत्रे शाळेतील इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे थोडी काटछाट करून घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे. दर सोमवारी त्यांना वीस अवघड इंग्रजी शब्द अर्थांसह लिहून देतात आणि शुक्रवारी चाचणी घेतात. ती मन लावून पाठ करते, अठरा-एकोणीस गुणही मिळवते. परंतु पंधरा दिवसांनी विचारले तर त्यांतले चार-पाच शब्ददेखील सांगता येत नाहीत. मी घरी विड्या वळते. माझे शिक्षण मराठीतून आठवीपर्यंत झाले आहे. इंग्रजी येत नसताना मी तिला मदत कशी करावी? सोबत तिच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स पाठवत आहे.
– एक आई, विडी घरकुल

उत्तर : ताई, आपल्या मुलीच्या स्मरणशक्तीत काहीही उणे नाही. वहीची पाने पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण दुखणे कोठे आहे ते त्या पानांवरच दिसते. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘नाखूश’, असे तिने सुवाच्य अक्षरात लिहिले आहे आणि त्याखाली वाक्य केले आहे : ‘आय अ‍ॅम रिलक्टंट बिकॉज आय गॉट लेस मार्क्स.’ गुण कमी मिळाले म्हणून मी नाखूश आहे, हे मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजी वाक्य मात्र चुकलेले आहे आणि तरीही त्यावर बरोबरची खूण आहे. ‘रिलक्टंट’ हा शब्द मन खट्टू झाल्याचा नाही. एखादी गोष्ट करायला मन घेत नाही, जायचे तर आहे पण पाय उचलत नाही, अशा वेळी तो वापरतात, आणि बहुधा त्याच्यामागून ‘टू गो’, ‘टू आन्सर’, ‘टू लेंड मनी’ असे काहीतरी येते. एका मराठी शब्दाची चिठ्ठी डकवून मुलीला हा शब्द दिला गेला, तिने तो प्रामाणिकपणे पाठ केला आणि चिठ्ठीबरहुकूम वापरला. तिची यात काय चूक?

म्हणून पहिली गोष्ट अशी, की वहीत शब्दासमोर नुसता अर्थ न लिहिता, तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यायला तिला सांगावे आणि अर्थ त्या वाक्यापुरता लिहायला लावावा. वर्गात नुसतीच यादी मिळत असेल, तर बाईंना किंवा सरांना प्रत्येक शब्दासाठी एक वाक्य मागण्याचा विद्यार्थ्यांना पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगटांच्या मालिका स्वतःच पाठ करून आणि किती विसरतो ते मोजून १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ उजळण्यांनी साधले, असाही त्याचा एक प्रयोग आहे. गुरुवारी रात्री वीस शब्द घोकायचे, शुक्रवारी ओकायचे आणि शनिवारपासून त्यांचे तोंड पाहायचे नाही, या रिवाजातून पंधरा दिवसांनी चार शब्द उरतात हेच नवल मानले पाहिजे.

आता आपण काय करायचे ते सांगतो. जुन्या पुठ्ठ्याचे पत्त्यांएवढे तुकडे कापून घ्या. एका बाजूला मुलीने इंग्रजी शब्द व वाक्य लिहावे, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. आपण सूप मांडीवर घेऊन कामाला बसाल, तेव्हा तिने समोर बसून पत्ते आपल्यापुढे एकेक करून मराठी बाजू वर अशा रीतीने ठेवावेत. आपण मराठी वाचायचे, तिने इंग्रजी शब्द, त्याचे स्पेलिंग आणि स्वतः केलेले एक नवे वाक्य म्हणायचे. मग पत्ता उलटायचा आणि स्पेलिंग अक्षरागणिक ताडून पाहायचे. आठवीपर्यंत शिकलेल्या व्यक्तीला एवढे सहज जमते. जमलेला पत्ता दुसऱ्या गठ्ठ्यात जाईल, जो तीन दिवसांनी काढायचा. तेथेही जमला तर तिसऱ्या गठ्ठ्यात, जो पंधरा दिवसांनी काढायचा. चुकलेला पत्ता कोणत्याही गठ्ठ्यातला असो, पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात येईल. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ मध्ये अशीच खोक्यांची पद्धत मांडली होती. आपल्याला खोकी नकोत, तीन दोरे पुरतील. वाक्य बरोबर आहे की नाही हे आपल्याला कळणार नाही, याची चिंता करू नका. ‘हे वाक्य कोण, कोणाला, कधी म्हणेल ते मला मराठीत सांग,’ एवढेच विचारा. सांगता सांगता ती अडखळली, तर शब्द अजून तिचा झालेला नाही असे समजावे.

आणि वीसच्या वीस शब्दांचे पत्ते करू नका. चाचणीसाठी वीस पाठ करू द्या, पत्ते मात्र सहा-सातच करा. कोणते निवडायचे? पाठवलेल्या यादीत मंद वाऱ्यासाठी ‘झेफर’ आहे आणि ‘सिग्निफिकंट’देखील आहे. ‘झेफर’ तिला दहावीपर्यंत एखाद्या कवितेत भेटला तर भेटेल; ‘सिग्निफिकंट’ मात्र विज्ञानात, इतिहासात, वर्तमानपत्रात वारंवार भेटेल. न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषाभ्यासक बाईंनी २००० साली ५७० शब्दकुळांची (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) एक यादी प्रसिद्ध केली. ‘मेन्टेन’, ‘इव्हॅल्युएट’, ‘कॉन्सिक्वेन्स’, ‘सिग्निफिकंट’ अशा जातीचे हे शब्द कोणत्याही एका विषयाचे नसतात, पण महाविद्यालयीन पातळीवरील पुस्तकांतला साधारण दर दहावा शब्द त्यांच्यातला निघतो. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे विरळा आणि चमत्कारिक शब्दांचा साठा, ही आपल्याकडील समजूत मला मुळातच मान्य नाही. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘जस्टिफाय’ आणि ‘डिस्टिंग्विश’ हे शब्द न उमगल्यामुळे येत असलेले उत्तर सोडून देणारी मुले मी कैक वर्षे पाहिली आहेत. ‘झेफर’पायी कोणाचे गुण गेलेले पाहिले नाहीत.

प्रश्न : मी नववीत आहे. निबंधात प्रगत शब्द वापरावेत असे आम्हाला सांगतात, म्हणून मी साधे शब्द काढून त्यांच्या जागी समानार्थी मोठे शब्द घालते. तरी गड्ड्याच्या यात्रेवरील माझ्या निबंधात लाल रेघाच जास्त आल्या. ‘आय कन्झ्यूम्ड भाकरी अँड शेंगा चटणी’ यात चूक काय आहे?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : बाळ, व्याकरणाची काहीच चूक नाही. पण यात्रेहून घरी येऊन तू आजीला सांगितलेस, की ‘मी कडक भाकरी व शेंगाचटणीचे सेवन केले,’ तर आजी काय म्हणेल? प्रत्येक शब्दाला त्याची पायरी असते आणि ‘कन्झ्यूम’ची पायरी ‘सेवन’च्या जवळपासची आहे. विजेचा वापर, औषधांचे सेवन, बाजारातील खप यांविषयी लिहिताना तो शोभतो. भाकरी मात्र ‘ईट’नेच खावी.

समानार्थी शब्द असे आपण म्हणतो खरे, पण अगदी समान अर्थाचे दोन शब्द सापडणे कठीण. सडपातळ, काटक आणि हडकुळा हे तिन्ही शब्द अंगाने बारीक असलेल्या माणसाचेच आहेत. तरी मावशीला सडपातळ म्हटले तर ती खूश होईल आणि हडकुळी म्हटले तर दोन दिवस बोलणार नाही. ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ यांच्यातही नेमके तेवढेच अंतर आहे, आणि ते यादीत दिसत नाही. शिवाय शब्दांचे शेजारही ठरलेले असतात. आपण चहा कडक म्हणतो, कठोर म्हणत नाही. तसे इंग्रजीत ‘स्ट्राँग टी’ म्हणतात, ‘पॉवरफुल टी’ म्हणत नाहीत. जो शब्द तू वाचताना निदान तीन-चार ठिकाणी पाहिलेला नाहीस, तो निबंधात घालू नकोस. एका निबंधात असे पारखलेले दोन-तीन नवे शब्द आले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी कर्नाटक सीमेजवळच्या गावात आठवीला इंग्रजी शिकवतो. बहुतेक मुलांच्या घरी कन्नड बोलतात. इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळे शिकवावीत असे एका प्रशिक्षणात सांगितले गेले. पण मराठीच जेथे दुसरी भाषा आहे, तेथे लॅटिनचे ओझे कशाला, असे वाटते.
– एक शिक्षक, अक्कलकोट तालुका

उत्तर : सर, आपली शंका रास्त आहे, तरी मी मुळांच्या बाजूने मत देईन, अट एकच, की ती निराळा धडा म्हणून शिकवू नयेत. उपसर्गाची कल्पना मुलांना मराठीच्या तासाला आलेलीच असते. आहार, विहार, प्रहार आणि संहार हे चार शब्द फळ्यावर लिहा आणि त्यांच्याशेजारी ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’, ‘पोर्टेबल’ लिहा. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, एवढे सांगितले की उरलेले काम मुले करतील. त्याच वेळी एक सावधगिरीची सूचना द्यावी : ‘हार’ हे मूळ ठाऊक असून आहार आणि संहार यांचे अर्थ जसे केवळ त्यावरून काढता येत नाहीत, तसेच इंग्रजीतही होते. मूळ हा आठवणीचा खुंटा आहे, अर्थाची हमी नव्हे.

आपल्या जिल्ह्यातील मुलांसाठी तर एक मूळ जणू घरचेच आहे. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यावरून ‘टेक्स्टाइल’ आला हे सोलापूरच्या कोणत्याही मुलाला पटते. पण ‘टेक्स्ट’ही त्यावरूनच आला, म्हणजे मजकूर हे एक विणकाम झाले. ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेले, म्हणून संदर्भ. आणि ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढे विणून धरलेले, म्हणून सबब. मागावर ताण्यातून इकडून तिकडे धावणारा धोटा म्हणजे ‘शटल’. त्याच्या या ये-जा करण्यावरूनच बॅडमिंटनच्या फुलाला ‘शटलकॉक’ म्हणू लागले आणि दोन ठिकाणांमध्ये सतत फेऱ्या मारणारी बस ‘शटल’ झाली. नक्षी विणणारा जेकार्डचा माग तर जोसेफ मारी जाकार या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखला जातो; त्याचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. ज्यांचे आजोबा चादरीच्या कारखान्यात होते अशी दोन-तीन मुले तरी आपल्या वर्गात निघतील. हा तास त्यांना घेऊ द्यावा, आपण मागच्या बाकावर बसावे.

कन्नडविषयी म्हणाल, तर ते ओझे नाही, भांडवल आहे. एका वस्तूला दोन नावे असतात आणि ती दोन नावे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, हे आपल्या मुलांना पहिलीत येण्यापूर्वीच कळलेले असते. नवा इंग्रजी शब्द आला की त्यांना तो कन्नडमध्ये सांगू द्या, मराठीत सांगू द्या आणि कोणता अर्थ जवळचा यावर वाद घालू द्या. सोलापूर शहरात पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या मुलांबाबत मी हेच करत आलो. वर्गात गोंगाट होतो, तो सोसावा.

प्रश्न : आठवीतील मुलासाठी कोणता शब्दकोश घ्यावा? की मोबाइल पुरेसा आहे?
– एक पालक, होटगी रस्ता

उत्तर : प्रथम इंग्रजी-इंग्रजी-मराठी असा कोश घ्यावा, म्हणजे मराठी अर्थ हाताशी राहतो आणि इंग्रजी व्याख्या वाचण्याची सवयही लागते. वर्षभराने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश द्यावा. १९७८ मध्ये निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात सर्व व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत बसवलेल्या होत्या, त्यामुळे एक अर्थ पाहायला जाऊन आणखी चार शब्द शोधण्याची वेळ येत नसे. मोबाइलचा उपयोग उच्चारासाठी जरूर करावा. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दातील ‘बी’ हे अक्षर लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी विद्वानांनी मागाहून घुसडले आणि ते कोणीही उच्चारत नाही; अशा ठिकाणी छापील कोशातील खुणा वाचण्यापेक्षा कानाने ऐकणे बरे. मात्र भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये सुटा शब्द टाकून पहिला येईल तो अर्थ वहीत उतरवण्याची सवय लागू देऊ नये. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘नाखूश’ हे तिथेही मिळते.