वाचक विचारतात: पदवीदान, गॅदरिंग आणि वार्षिकांक

या अंकासाठी आलेल्या पत्रांत वर्षअखेरीचे प्रश्न सर्वाधिक आहेत. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं देत आहोत.

मुलीचा बी.एस्सी.चा निकाल जूनमध्ये लागला. पदवीदानाची तारीख अजून जाहीर नाही आणि परदेशातल्या विद्यापीठाला ऑगस्टमध्ये कागद हवेत. समारंभापर्यंत थांबावं लागेल का?
– एक पालक, चिपळूण

थांबू नका. निकाल लागला म्हणजे पदवी मिळाली असं होत नाही. ती बहाल झाल्यावरच मूळ प्रमाणपत्र हाती येतं. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ चा नियम आहे. तोवर उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्रित उतारा) यांवर काम भागतं. दोन्हींसाठी परीक्षा विभागाकडे वेगवेगळे अर्ज करा.

ट्रान्सक्रिप्टसाठी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका लागतात. एखादा विषय राहून पुन्हा दिला असेल, तर आधीची नापासाची गुणपत्रिकाही जोडायची. ती न जोडल्यानेच बरेच अर्ज परत येतात. ट्रान्सक्रिप्टचं पाकीट सीलबंद मिळतं आणि त्याच्या झाकणावर विद्यापीठाचा शिक्का असतो. घरी कौतुकाने ते उघडलं, की पुढची संस्था ते स्वीकारत नाही. म्हणून जितक्या ठिकाणी पाठवायचं, त्याहून एक पाकीट जास्त मागा.

मूळ पदवी मिळाल्यावर तिला लॅमिनेशन मात्र मुळीच करू नका. अनेक देशांसाठी आधी राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन, लागतं. तो शिक्का आणि स्टिकर कागदावरच लागतात, प्लास्टिकवर नाही.

पदवीवर आमच्या मुलाचं आडनाव चुकीचं छापून आलं. आता काय करता येईल? सुनेच्या पदवीवर लग्नानंतरचं नाव घ्यावं का?
– एक वाचक, अहिल्यानगर

चूक बहुधा मराठी नावात असेल. आपल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीवर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापतात. इंग्रजी नाव पहिल्या वर्षापासूनच्या नोंदीत तसंच चालत आलेलं असतं. मराठी नाव येतं पदवीच्या ऑनलाइन अर्जातून आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाव टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं. घोळ होतो तो इथे. इंग्रजीत ‘काळे’ आणि ‘काले’ सारखेच दिसतात, त्यामुळे यंत्र ‘ल’ घालून मोकळं होतं. ‘साठे’चे ‘साथे’ होतात, ‘पाटणकर’चे ‘पातनकर’, ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’. विद्यार्थी मोबाईलवर घाईने अर्ज भरतो, इंग्रजी रकाना तपासतो आणि मराठीकडे बघतही नाही. आईच्या नावाचा रकाना तर सर्वांत दुर्लक्षित. ज्या आईने तीन वर्षं डबा दिला, तिचं नाव चुकीचं छापून येणं आम्हाला फार लागतं.

अर्ज पक्का करण्याआधी त्याची प्रिंट काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला सांगा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका शेजारी ठेवा. छपाईआधी चूक सापडली, तर कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला साधा अर्ज आणि पुराव्याच्या झेरॉक्स पुरतात. छपाईनंतर मूळ प्रमाणपत्र परत करावं लागतं, शुल्क भरावं लागतं आणि नवं येईपर्यंत हातात काही नसतं. म्हणून मूळ प्रत देताना पोच घ्या आणि साक्षांकित झेरॉक्स जवळ ठेवा.

सुनेच्या बाबतीत काळजी नको. ज्या नावाने परीक्षा दिली, त्याच नावाने पदवी मिळते आणि ती तशीच राहू द्यावी. पदवीसोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असल्यास राजपत्रातली प्रत जोडली, की पुरतं. डिजिलॉकरमध्ये पदवी दिसत नसेल, तर आधार आणि विद्यापीठाची नोंद यांतलं नाव जुळतं का, ते पहिल्यांदा बघा.

पदवीदानाला जावं का? तिथे नेमकं काय होतं?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

जरूर जा. अर्जात हजर किंवा गैरहजर यांतलं काहीही लिहिलं तरी पदवी मिळतेच, पण हा दिवस पुन्हा येत नाही.

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. मिरवणुकीत सर्वांत पुढे विद्यापीठाचा मानदंड (अधिकाराचं प्रतीक असलेला दंड), मागे अधिष्ठाते म्हणजे विद्याशाखांचे प्रमुख, कुलगुरू आणि प्रमुख पाहुणे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा ठरवल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येक अधिष्ठाता आपल्या शाखेच्या स्नातकांना सादर करतो, ते जागेवर उभे राहतात आणि पदवी एकत्रित बहाल होते. मंचावर सहसा पीएच.डी. आणि पदकविजेत्यांनाच बोलावतात. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते नाव पुकारण्याची वाट बघत बसतात. बाकीच्यांना प्रमाणपत्र मंडपातल्या काउंटरवर किंवा नंतर कॉलेजच्या पदवी वितरणात मिळतं.

मिरवणूक आत शिरली की दारं बंद होतात, त्यामुळे पत्रिकेवरच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. पास, ओळखपत्र आणि अर्जाची पावती जवळ हवी. गाऊनच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी उपरणं आलंय. हातमागाचं कापड वापरा असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येही विद्यापीठांना कळवलं होतं. हा बदल आपल्या उन्हाला आणि आपल्या विणकरांना, दोघांना मानवणारा आहे.

मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी असाल, तर फोर्टमधलं १८७४ चं दीक्षान्त सभागृह सवडीने बघा. बारा राशींची रंगीत काचेची गोल खिडकी तिथेच आहे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे याच विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या बी.ए. तुकडीतले, सभागृह त्यानंतर बारा वर्षांनी झालं.

गॅदरिंगमध्ये सिनेमातली गाणी वाजवायला परवाना लागतो का?
– सांस्कृतिक प्रतिनिधी, नांदेड

विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः सादर करत असतील आणि प्रेक्षकही कॉलेजचे, पालक किंवा कॉलेजशी संबंधित असतील, तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सूट देतं. तिकीट लावून बाहेरचे प्रेक्षक आणले किंवा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा बोलावला, की ही सूट गृहीत धरू नका. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी घ्या आणि रात्री १० ला तो बंद करा. बक्षीस समारंभ शेवटी ठेवला, तर नेमका तोच कापला जातो. तो मध्यात घ्या.

वार्षिकांकाचं काम यंदा माझ्याकडे आहे. दरवर्षी तो उशिरा आणि चुकांसह निघतो. कुठे लक्ष द्यावं?
– मराठीच्या प्राध्यापिका, सातारा

उशीर अहवालांमुळे होतो. एन.एस.एस., एन.सी.सी., जिमखाना, वाङ्मय मंडळ सगळे फेब्रुवारीत एकदम मागितले, तर एप्रिल उजाडतो. कार्यक्रम झाला की आठ दिवसांत दीडशे शब्द आणि दोन फोटो, असा नियम जुलैतच लावा. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की बारीक होतो आणि छापल्यावर फुटतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने मागवा. फोटोसोबत ‘डावीकडून’ या क्रमाने नावं त्याच दिवशी लिहून घ्या. मार्चमध्ये दुसऱ्या रांगेतला तिसरा मुलगा कोण, हे कुणालाच आठवत नाही आणि त्याच्या घरी तो अंक वर्षानुवर्षं जपून ठेवणार असतात.

चुका बहुतेक फॉन्ट बदलताना होतात. विद्यार्थी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकावर सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत लिहितात, तर बऱ्याच छापखान्यांत अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. रूपांतरात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं मोडतात, आकडे कधी मराठी तर कधी इंग्रजी होतात. तेव्हा रूपांतरानंतरचं प्रूफ नव्याने वाचा, आधी तपासलेला मजकूर चालणार नाही. शक्य असेल, तर युनिकोडवर थेट मांडणी करणारा मुद्रकच शोधा.

पानं १६ च्या पटीत ठेवा, निदान ८ च्या. नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. आतला कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा मॅपलिथो, रंगीत फोटोंसाठी १३० चा आर्ट पेपर आणि मुखपृष्ठाला २५० ते ३०० चं आर्ट कार्ड पुरतं. शंभराच्या आसपास पानं झाली, की मधली पिन धरत नाही. पाठीला डिंकाची बांधणी घ्या आणि मांडणी करतानाच आतला समास वाढवा. प्रकाशनाविषयीचं निवेदन आणि वर्षभरात दिवंगत झालेल्यांची श्रद्धांजली, ही दोन पानं शेवटच्या घाईत राहून जातात. त्यांची जागा पहिल्याच आराखड्यात आखून ठेवा आणि श्रद्धांजलीतलं प्रत्येक नाव घरच्यांना फोन करून तपासून घ्या.