महिनाभर सर्दी?

प्रश्न : जून लागल्यापासून माझी मुलगी सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका देते, नाक पाण्यासारखं गळतं. ताप नाही. सासूबाई म्हणतात, भिजल्याने सर्दी झाली. पण आता महिना झाला!
– एक आई, देवगड

उत्तर : ताई, हा महिनाच मला मोठी खूण वाटतो. साधी सर्दी विषाणूंची. तीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, थोडी कसकस असते आणि बहुधा ७ ते १० दिवसांत ती ओसरते. मुलीचे डोळे, नाक, टाळू (तोंडाच्या आतला वरचा भाग) खाजतात का, तेवढं विचारा. खाजत असतील तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. आपल्या कोकणात पावसाचे चार महिने गाद्या-गोधड्यांना ऊन लागत नाही, भिंतींना बुरशी धरते, दमट हवेत अंथरुणातल्या धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. रात्रभर नाक त्याच उशीत, म्हणून सकाळी शिंका. माळ्यावरची जुनी, कुबट वासाची गोधडी पांघरायला दिली असेल तर आजच काढा. चादरी, अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा.

घरात उरलेली अँटिबायोटिक मात्र देऊ नका. सर्दी असो वा अ‍ॅलर्जी, तिचा उपयोग नाही. छातीत घरघर किंवा धाप दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.