वाढघटक: यातला ‘घटक’ म्हणजे तुकडा नव्हे

जळगावहून प्रश्न आला आहे: ‘शरीरातली काही ग्रोथ फॅक्टर प्रथिनं, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारी, जिवाणूही मारतात, असं वाचलं. मग त्यांना प्रतिजैविक म्हणायचं का? आणि ग्रोथ फॅक्टरला वाढघटक हा शब्द बरोबर आहे का?’

पहिल्याचं उत्तर: नाही. सेलमन वाक्समन यांनी १९४० च्या दशकात अँटिबायोटिक (प्रतिजैविक) शब्द रूढ केला, तो एका सूक्ष्मजीवाने तयार केलेल्या आणि दुसऱ्याला मारक ठरणाऱ्या रसायनासाठी. आपल्याच पेशींनी बनवलेल्या प्रथिनाला ‘जिवाणूनाशक प्रथिन’ म्हणा. नुसती वाढ थोपवत असेल तर ‘जिवाणूरोधक’.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. केळीवर फवारायच्या टॉनिकापासून कोंबडीखाद्यातल्या पावडरीपर्यंत सगळ्यालाच हल्ली ‘वाढघटक’ म्हणतात. म्हणजे वाढीसाठी पोटात घालायचा जिन्नस! दोष ‘घटक चाचणी’ आणि ‘घटकराज्य’ यांनी रुळवलेल्या ‘भाग’ या अर्थाचा आहे. त्यावर ‘घटात असतो तो घटक’ अशी व्युत्पत्ती सांगणारेही भेटतात. ती साफ चूक आहे.

घटक हा कर्ता आहे. धातू घट्, प्रयोजक रूप घटयति, म्हणजे घडवून आणतो. पच् वरून पाचक होतो, तिथे ‘प’चा ‘पा’ झाला. मग घाटक का नाही? कारण घट् हा पाणिनीय परंपरेत घटादी गणाचा, म्हणजे धातूंच्या एका गटाचा, म्होरक्या आहे आणि या गणात प्रयोजकाचा स्वर ऱ्हस्वच राहतो. त्याच गणातल्या त्वर् वरून त्वरक होतो, त्वारक नाही. तेव्हा घटक म्हणजे घडणारा नव्हे, घडवून आणणारा. आपलं ‘घडणं’ही ह्याच घट् चं, ट चा ड झालेलं. बंगालीत तर घटक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ!

फॅक्टरही तसाच: लॅटिन ‘फाकेरे’, करणे, त्यावरून करणारा. सतराव्या शतकात तुमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला इंग्रजांची वखार होती. अशा वखारीला ते फॅक्टरी म्हणत, कारण तिथे कंपनीचा फॅक्टर, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार जुळवणारा गुमास्ता, बसे. यंत्रांचा तिथे संबंधच नव्हता. म्हणून ‘वाढकारक’ सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझा वाद आहे. कारक करून मोकळा होतो, घटक दोघांना जुळवतो. रक्तातल्या चपट्या पेशींतून (प्लेटलेट्स) निघणाऱ्या पीडीजीएफ (प्लेटलेट-डिराइव्ह्ड ग्रोथ फॅक्टर) या वाढघटकाचं काम बघा. त्याच्या एका रेणूला दोन टोकं असतात. प्रत्येक टोक पेशीच्या पृष्ठावरचा एकेक ग्राही (रिसेप्टर) पकडतं, दोन ग्राही शेजारी येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि आत वाढीचा निरोप जातो. हा शब्दशः सोयरीक जुळवणारा. कोशात ‘घटक: अवयव, भाग’ एवढंच देऊन थांबणाऱ्यांनी शब्दाचा जीवच काढून घेतला आहे.

आता जिवाणूंकडे. मिडकाइन हा वाढघटक १९८८ साली जपानात सापडला. गर्भावस्थेच्या मध्यावर मूत्रपिंडात तो भरपूर दिसतो, म्हणून इंग्रजी ‘मिड’ आणि ‘किडनी’ जोडून हे नाव. २०१० साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तो आणि त्याचा भाऊबंद प्लायोट्रोफिन जिवाणू मारतात असं दाखवलं. १२१ अमिनो आम्लांच्या मिडकाइनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन पुष्कळ, त्यामुळे तो धनभारित. जिवाणूचं पटल, म्हणजे त्याचं पातळ आवरण, ऋणभारित. तो तिथे चिकटतो आणि पटल फाटतं. आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू जवळजवळ उदासीन, म्हणून त्या बऱ्याचशा वाचतात. मात्र निरोप द्यायला मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम पुरतात, मारायला मायक्रोग्रॅम लागतात. अशी धनभारित प्रथिनं जिवाणू मारतात का, ही प्रयोगशाळेतली चाचणी बिघडते तीही इथेच: द्रावात मीठ जास्त झालं की पकड सुटते, हेपारिन हा ऋणभारित पदार्थ असेल तर तोच प्रथिनाला अडवून बसतो, आणि साध्या पॉलिस्टायरीनच्या ताटलीला प्रथिन स्वतःच चिकटतं. ताटली पॉलिप्रोपिलीनची घ्यावी. उपजत प्रतिकारशक्तीतलं हे काम त्याच्या घटकपणाहून वेगळं आहे. इथे जुळवणं नाही, फाडणं आहे. म्हणून दोन्ही सांगायचं तर ‘जिवाणूनाशक वाढघटक’ लिहा.

आणि ‘वाढघटक’ जोडूनच लिहा. मध्ये जागा सोडलीत की ‘वाढ घटणे’ डोळ्यांसमोर येतं आणि वाचणारा उलट अर्थ घेतो.