युनिव्हर्सल क्रेडिटवर असताना पत्नीने अर्धवेळ नोकरी धरली, तर गृहकर्जाच्या व्याजाची सरकारी मदत बंद होईल का?

आपण लिहिले आहे की आपण इंग्लंडमध्ये स्थायिक आहात, आपली नोकरी गेली आहे, घरात एक लहान मूल आहे आणि युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या मासिक सरकारी भत्त्यासोबत गृहकर्जाच्या व्याजासाठी 'सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट', म्हणजेच एसएमआय, सुरू आहे. आता पत्नीला अर्धवेळ काम मिळत आहे. पण घरात एक पौंड जरी कमाई आली तरी ही मदत थांबते असे एका परिचिताने सांगितल्यामुळे आपण ते काम नाकारण्याच्या विचारात आहात. मी आमच्या भागातल्या एका सल्ला केंद्रात अशा अर्जांसाठी मदत करते, आणि हा गैरसमज मला वारंवार भेटतो. कृपया या कारणासाठी काम नाकारू नका.

आपल्या परिचिताचे म्हणणे एके काळी अगदी खरे होते. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये 'शून्य कमाई'चा नियम होता आणि त्यानुसार अर्जदार किंवा त्याचा जोडीदार यांपैकी कोणीही महिनाभरात थोडेसेही कमावले, तरी त्या महिन्याची एसएमआय मिळत नसे. आठवड्यातून चार तास काम करणारी व्यक्ती आणि पूर्णवेळ नोकरदार यांत हा नियम काहीही फरक करत नव्हता, आणि माझ्या मते तो लोकांना घरी बसवून ठेवणारा, अन्यायकारक नियम होता. ३ एप्रिल २०२३ पासून तो रद्द झाला. त्याच दिवसापासून एसएमआय सुरू होण्याआधी थांबावे लागणारे नऊ सलग मूल्यांकन-महिने (ज्या एकेका महिन्याच्या कमाईवरून युनिव्हर्सल क्रेडिट ठरते ते) कमी होऊन तीनवर आले. जुनी माहिती मात्र ओळखीपाळखीतून अजून फिरत राहते.

आज कमाईचा परिणाम होतो तो युनिव्हर्सल क्रेडिटच्या रकमेवर. एसएमआयची रक्कम जास्तीत जास्त दोन लाख पौंडांपर्यंतच्या शिल्लक मुद्दलावर, सरकारने ठरवलेल्या प्रमाणित दराने काढली जाते आणि ती थेट आपल्या बँकेकडे जाते. पत्नीचा पगार वाढला म्हणून ती टप्प्याटप्प्याने घटत नाही. समजा मुद्दल दीड लाख पौंड आहे आणि प्रमाणित दर हिशेबापुरता ३ टक्के धरला, तर महिन्याला ३७५ पौंड होतात. बँक ५ टक्के व्याज लावत असेल, तर महिन्याचे व्याज ६२५ पौंड होईल; मधले २५० पौंड आणि मुद्दलाचा हप्ता आपल्यालाच भरावा लागतो. म्हणजे पत्नीच्या पगाराची गरज तशीही आहेच.

आता पगाराचा हिशेब पाहू. २०२५-२६ च्या दरांनी, पंचवीस वर्षांवरील जोडप्याची महिन्याची मूळ रक्कम ६२८.१० पौंड आणि एका मुलाचे (एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या) २९२.८१ पौंड, असे मिळून ९२०.९१ पौंड होतात. घरात मूल आहे आणि दाव्यात घरभाड्याची मदत नाही, म्हणून पगारातील पहिले ६८४ पौंड वगळले जातात. यालाच 'वर्क अलाउन्स' म्हणतात. त्यावरील प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. पत्नीच्या हाती ९०० पौंड आले, तर वरच्या २१६ पौंडांवर ११८.८० पौंडांची कपात होईल, युनिव्हर्सल क्रेडिट ८०२.११ पौंड उरेल आणि एसएमआय जशीच्या तशी चालू राहील. आपल्या दाव्यात इतर काही कपाती असतील, तर आकडे बदलतील. पण पद्धत हीच आहे.

जपायचे ते पुढच्या टप्प्याला. वरच्या हिशेबात दोघांची मिळून हाती येणारी कमाई महिन्याला सुमारे २,३५८ पौंडांवर गेली, की युनिव्हर्सल क्रेडिट शून्य होते, आणि ज्या लाभाच्या आधारावर एसएमआय उभी आहे तोच संपल्यामुळे तीही थांबते. २,३४० पौंड कमाईवर युनिव्हर्सल क्रेडिट जेमतेम दहा पौंड उरते, पण एसएमआय पूर्ण मिळते. आणखी वीस-पंचवीस पौंड वाढले की दोन्ही जातात. ही उतरण नाही, तुटलेला कडा आहे. केवळ उत्पन्न जास्त म्हणून लाभ नाकारला गेला असेल, तर काही परिस्थितीत तो मिळत असल्याचे मानून एसएमआय देण्याचीही तरतूद आहे. त्यामुळे सीमेच्या जरासे वर गेलात तर परस्पर सोडून न देता लेखी विचारणा करावी. निवृत्तिवेतन योजनेत पगारातून भरलेली वर्गणी हिशेबात पूर्ण वजा होते, हेही सीमेजवळ असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पगार किती याइतकेच तो कोणत्या तारखेला येतो हेही महत्त्वाचे आहे. मालक पगाराची माहिती एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, कळवतो आणि ती तेथून आपोआप आपल्या दाव्यात येते. पगार दर चार आठवड्यांनी होत असेल, तर वर्षातून एकदा एकाच मूल्यांकन-महिन्यात दोन पगार पडतात आणि एरवी सीमेच्या बरेच खाली असलेले कुटुंब त्या महिन्यात वर जाऊ शकते. मासिक पगार तारीख पुढेमागे झाल्याने दोनदा मोजला गेला, तर त्यातला एक दुसऱ्या महिन्यात हलवता येतो; न्यायालयीन लढ्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये नियमात तशी दुरुस्ती झाली. चार-आठवडी पगाराला ती लागू नाही. म्हणून पत्नीने नोकरी स्वीकारताना पगार मासिक आहे की चार-आठवडी, हे आधी विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास मासिकच मागावा.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगते. ६ एप्रिल २०१८ पासून एसएमआय हे अनुदान राहिलेले नाही, ते व्याजी कर्ज आहे. घरावर त्याचा दुसरा बोजा नोंदवला जातो आणि घर विकताना किंवा मालकी हस्तांतरित करताना ते फेडावे लागते. बँकेचे कर्ज वळते झाल्यावर विक्रीतून पुरेशी रक्कम उरली नाही, तर राहिलेले माफ होते. नोकरी लागून मदत थांबली, तरी आजवरच्या रकमेवर व्याज चढतच राहते. १०० पौंड किंवा त्याहून अधिक अशी कोणतीही रक्कम स्वेच्छेने मधूनच फेडता येते. त्यामुळे कड्यापलीकडे गेल्यावर जाते ते पुढचे कर्ज, फुकटचे पैसे नव्हेत, आणि या कर्जासाठी चांगला पगार सोडणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही. मदत थांबेल असे दिसत असल्यास बँकेला आधीच कळवा. जून २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर, म्हणजे कर्जदारांना सवलती देण्याच्या सरकार आणि बँकांमधील करारावर, सही केलेल्या बँका, हप्ते थकलेले नसतील तर, सहा महिने केवळ व्याज भरण्याची किंवा मुदत वाढवण्याची सोय देतात.

हे उत्तर इतर मराठी कुटुंबेही वाचतील म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत घेण्यास मनाई आहे, त्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटचा दावाच करू नये; त्याने व्हिसाच्या अटींचा भंग होतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या बहुतेकांना ही अट लागू असते. आपण स्थायिक असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

पत्नीचे काम सुरू होईल त्याच दिवशी आपल्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातील जर्नलमध्ये नोंद करा. तीत मालकाचे नाव, आठवड्याचे तास, पगाराची तारीख आणि अंदाजे रक्कम लिहा, आणि त्याखालीच 'या कमाईनंतर आमची एसएमआय चालू राहील का, हे कृपया लेखी कळवावे' असा प्रश्न विचारा. कोणी फोनवर वेगळे सांगितले, तर त्या जर्नलमधील उत्तराचा आधार आपल्याजवळ राहील.